पातळ लॅपटॉप थोड्या वेळाने मंद का होतो?
सुरुवातीला चपळ असलेला पातळ लॅपटॉप अर्ध्या तासाने रेंगाळू लागला, तर कारण बहुधा उष्णता हेच असते. अशा यंत्रात पंखा लहान असतो, काहींत तर नसतोच. त्यामुळे प्रोसेसरचे, म्हणजे सगळी कामे करणाऱ्या मुख्य चिपचे, तापमान १०० अंश सेल्सिअसच्या आसपास जाऊ लागले की स्वतःच्या बचावासाठी तो आपला वेग आपोआप कमी करतो. म्हणून लॅपटॉप गादीवर ठेवून वापरू नये, कारण तळाच्या हवेच्या फटी कापडाने बुजतात. टेबलावर मागची कड बोटभर उचलली तरी फरक जाणवतो. विंडोजमध्ये टास्क मॅनेजर (कोणती ॲप्स चालू आहेत ते दाखवणारी खिडकी) उघडून, लॅपटॉपबरोबर आपोआप सुरू होणारी अनावश्यक ॲप्स बंद करावीत. वेग वाढवून देणारी ॲप्स मात्र मी कोणालाही सुचवणार नाही, कारण तीही पार्श्वभूमीवर चालत राहून रॅमच (चालू कामांसाठीची तात्पुरती मेमरी) खातात.