आजीला मत नव्हतं, तरी

प्रिय सायली,

पोपना निवडणार रोममध्ये जमलेले कार्डिनल, म्हणजे कॅथलिक चर्चचे सर्वांत वरिष्ठ धर्माधिकारी, मग आपली वसईची आजी गावच्या क्रुसापाशी बायकांना जमवून रोज संध्याकाळी रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, कशासाठी करत होती, असं तू विचारलंस. तिला तर मतच नाही! तुझा प्रश्न रास्त आहे, म्हणून फोनवर न उरकता लिहून उत्तर देतो आहे.

पोप फ्रान्सिस २१ एप्रिल २०२५ रोजी, ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी गेले. त्या दिवसापासून जगातल्या प्रत्येक मिस्सामधून, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेतून, एक नाव गळालं. फादर वेदीवर पोपसाठी आणि आपल्या बिशपसाठी नाव घेऊन प्रार्थना करतात ना? पोपची जागा रिकामी असली की ते नाव घेत नाहीत. वसईच्या मराठी मिस्सात आजीने हे रोज ऐकलं. घरातलं थोरलं माणूस गेल्यावर हाक मारताना जीभ अडखळते, तसं तिला झालं असणार.

७ मे रोजी १३३ कार्डिनल व्हॅटिकनमधल्या सिस्टीन चॅपेलमध्ये गेले आणि दारं बंद झाली. निवडून यायला दोन तृतीयांश, म्हणजे ८९ मतं लागणार होती. तिथे कुणी अर्ज भरत नाही, कुणी प्रचार करत नाही. प्रत्येक जण चिठ्ठीवर एक नाव लिहितो, ती घेऊन वेदीपाशी जातो आणि म्हणतो की, माझा न्याय करणारा प्रभू ख्रिस्त याला साक्षी ठेवून, देवासमोर जो योग्य वाटतो त्यालाच मी मत देतो. समोरच्या भिंतीवर मायकेलअँजेलोने रंगवलेला अंतिम न्याय असतो. मला या सगळ्या विधीत हाच क्षण सर्वांत मोठा वाटतो. तिथे आपल्या आवडीचा माणूस निवडायचा नसतो, देवाला कोण हवा आहे ते शोधायचं असतं. आणि शोधणारी माणसंच आहेत, त्यांना भीती असते, हट्ट असतो, थकवा असतो. म्हणून बाकीच्यांनी त्यांच्यासाठी प्रार्थना करायची. आजी तेच करत होती. गोव्याचे कार्डिनल फिलिप नेरी फेर्राव आत होते. आपल्या मुंबईचे कार्डिनल ऑस्वल्ड ग्रेशियस यांनी मात्र ऐंशी पार केली होती, त्यामुळे त्यांनाही मत नव्हतं.

एक गंमत वाटेल तुला. कार्डिनलना कोंडून ठेवण्यामागे साध्या लोकांचाच हात आहे. १२६८ साली इटलीतल्या विटेर्बो गावी निवडणूक सुरू झाली आणि जवळजवळ तीन वर्षं रखडली. शेवटी गावकऱ्यांनी कार्डिनलना कोंडलं, त्यांचं जेवण तोडलं, छप्परसुद्धा काढलं असं सांगतात. तेव्हा निवडले गेलेले पोप दहावे ग्रेगरी यांनी पुढे १२७४ मध्ये बंद दाराचा नियमच करून टाकला.

या वेळी मात्र दुसऱ्याच दिवशी, ८ मे रोजी, चॅपेलवरून पांढरा धूर, म्हणजे पोप निवडल्याची खूण, निघाला. रॉबर्ट प्रेव्होस्ट यांनी चौदावे लिओ हे नाव घेतलं. जन्म शिकागोचा, पण मिशनरी म्हणून कितीतरी वर्षं पेरूमध्ये काढली आणि तिथल्या चिक्लायोचे ते बिशप होते. सज्जात आल्यावर त्यांनी आधी शांतीचा आशीर्वाद दिला. मग इटालियन बोलता बोलता मध्येच स्पॅनिशमध्ये चिक्लायोच्या आपल्या लोकांना नमस्कार सांगितला. इथे टोरांटोत राहून मराठीत प्रार्थना करणाऱ्या माझे डोळे तेव्हा भरून आले. शेवटी त्यांनी चौकातल्या सगळ्यांसोबत मरियामातेची प्रार्थना म्हटली. आजी क्रुसापाशी म्हणत होती तीच.

आता तुझा पुढचा प्रश्न मला दिसतोच आहे: देऊळ, म्हणजे आपलं चर्च, झाडण्यापासून मुलांना धर्मशिक्षण देण्यापर्यंत सगळं करणाऱ्या आजीला मत का नाही? सायली, मलाही हे बोचतं. पोप निवडण्याचा अधिकार कार्डिनलकडे १०५९ साली आला. त्याआधी रोमचे धर्मगुरू आणि सामान्य लोक यांचाही निवडीत वाटा असे. म्हणजे ही रीत बदलत आलेली आहे. आजीसारख्या बायकांचं म्हणणं दार बंद होण्याआधी तरी विचारलं जावं, असं मला मनापासून वाटतं. तू हे तिला विचार. तिचं मत माझ्यापेक्षा वेगळं असू शकेल, आणि ते मलाही ऐकायचं आहे.

तुझा,
बाबा