आजी पडल्या आणि सिस्टरला शपथ घातली

पत्र:

ताई, मी जीएनएम झालेली नर्स आहे. बरीच वर्षं खासगी हॉस्पिटलच्या वॉर्डात काढली. आता नाशिकमध्ये एका डॉक्टर मॅडमच्या हाताखाली घरोघरी जाऊन वयस्कर पेशंट बघते. बीपी, साखर, ड्रेसिंग, कॅथेटर, आठवड्याच्या गोळ्या लावून देणं, सगळं करते. मॅडम महिन्यातून एकदा येतात, मी आठवड्यातून दोनदा जाते. त्यांतल्या एक आजी ८२ वर्षांच्या, एकट्या राहतात, डोक्याने एकदम तल्लख. मुलगा कॅनडात आहे. पैसे तोच देतो आणि दर भेटीनंतर मी त्याला व्हॉट्सॲपवर रिपोर्ट टाकते. परवा बीपीचा पट्टा बांधताना आजींच्या दंडावर मोठा काळानिळा डाग दिसला. रात्री बाथरूमला जाताना पडल्या म्हणे, तेही दुसऱ्यांदा. "त्याला सांगू नकोस, तुला माझ्या गळ्याची शपथ. कळलं तर मला वृद्धाश्रमात नेऊन ठेवील." मी रिपोर्टमध्ये "सगळं ठीक" लिहिलं. मॅडमनाही बोलले नाही. तेव्हापासून झोप उडाली आहे. आजी मला लेक मानतात. सांगितलं तर त्यांचा विश्वास तुटेल. नाही सांगितलं आणि त्या पुन्हा पडल्या तर?
एक सिस्टर, नाशिक

प्रिय सिस्टर,

आधी आजींना फोन लाव आणि विचार, पडताना डोकं आपटलं होतं का. आपटलं असेल आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर आजच्या आज मॅडमना कळव. या वयात डोकं आपटल्यावर आत रक्त हळूहळू साचत जाऊ शकतं. कधी कधी दोन-तीन आठवड्यांनी डोकं दुखायला लागतं, चाल बिघडते, बोलताना गडबड होते, आणि तोवर पडल्याचं घरात कुणाच्या लक्षातही नसतं. तुला हे मी सांगायला नको, पण माणूस धास्तावलेला असला की रोजच्या सवयीची गोष्टही निसटते.

आता शपथेबद्दल. आजींनी शपथ घातली ती मुलाला न सांगण्याची. तू मात्र मॅडमनाही सांगितलं नाहीस, आणि मला खरी काळजी त्याची वाटते. वॉर्डात पेशंट पडला असता तर त्याच शिफ्टला ड्यूटी डॉक्टरला बोलावलं असतंस, फॉर्म भरला असतास, पुढच्या सिस्टरला ओव्हर देताना पहिलं तेच सांगितलं असतंस. घरी गेल्यावर मेट्रन नसते, रात्रपाळीची सिस्टर नसते, पण नियम तोच राहतो. पेशंटवर उपचार करणाऱ्या डॉक्टरपासून पडणं लपवायचं नाही. यात विश्वासघात कसला? आजींनी तुम्हा दोघींना मिळून घरात घेतलं आहे. मॅडमना आज सांग, आणि आजींनाही तोंडावर सांग की मॅडमना सांगितलं. त्या दोन मिनिटं रुसतील. रुसू देत.

मुलाचं वेगळं आहे. आजींची बुद्धी शाबूत आहे, म्हणजे त्यांच्या शरीराची बातमी कुणाला द्यायची हे त्याच ठरवणार. पैसे मुलगा देतो म्हणून तो हक्क त्याच्याकडे जात नाही. आपल्याकडे हे फार लवकर विसरलं जातं. ऐंशी ओलांडलेल्या बाईसमोरच तिच्याबद्दल "जेवल्या का, शी झाली का" असं तिसऱ्याच माणसाला विचारतात. तुला आजींनी लेक मानलं, त्याचं एक कारण मला तरी हेच वाटतं की तू त्यांनाच विचारतेस.

मग आपण मॅडमबरोबर बसून शोधायचं ते हे, की आजी का पडतात. रात्री, बाथरूमच्या वाटेवर, दोनदा. हा योगायोग नाही. पुढच्या भेटीत आजींना पाच मिनिटं आडवं पडू दे आणि बीपी घे. मग उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी घे. वरचं बीपी २० ने किंवा खालचं १० ने उतरलं, तर उठल्याबरोबर अंधारी येण्याचं कारण तुझ्या हातात आलं. घरी बसल्या बसल्या घेतलेलं १३०/८० तुला हे कधीच दाखवणार नाही.

मग तो डबा बघ. प्रत्येक आजींकडे असतो, बिस्किटांचा नाहीतर फराळाचा जुना पत्र्याचा. तू आठवड्याच्या गोळ्या लावतेस त्या वेगळ्या, आणि या डब्यातल्या वेगळ्या. दुकानदाराने चार-चार गोळ्यांची पट्टी कापून दिलेली, त्यात नावही अर्धं कापलं गेलेलं आणि तारीखही. त्यात बहुतेक वेळा शेजारणीने दिलेली झोपेची गोळी निघते. एकाच औषधाच्या दोन कंपन्यांच्या पट्ट्या निघतात, आणि आजी दोन्ही घेत असतात, कारण रंग वेगळा आहे. सगळा डबा पलंगावर ओत, आजींसमोर, त्यांना विचारत. लघवीची गोळी त्या संध्याकाळी घेत असतील तर रात्री तीनदा उठणं आलंच. मॅडमना विचारून ती सकाळी करता येते. साखरेची गोळी चालू असेल तर उपासाचे दिवस विचार. एकादशीला पोटात दाणा नाही पण गोळी मात्र नेमाने घेतली, असं सर्रास होतं. मग रात्री साखर ७० च्या खाली जाते, घाम फुटतो, पाय लटपटतात, आणि सकाळी कुणाला काही कळत नाही. त्यांना उपास सोडायला सांगू नकोस. त्या दिवशी गोळीचं काय करायचं, ते मॅडमकडून लिहून आण.

वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी घेणाऱ्यांचं बी १२ व्हिटॅमिन कमी होऊ शकतं, तळपाय बधिर होतात, त्यामुळे ते तपासून घेण्यासारखं आहे. आजींचं वागणं-बोलणं अचानक बदललं तर लघवीचं इन्फेक्शन मनात आण. या वयात ताप नसतानाही ते असू शकतं.

घराचं काम सोपं आहे आणि स्वस्तही. पलंगापासून बाथरूमपर्यंत तू स्वतः चालून बघ, दिवा न लावता. पायपुसणं सरकतं का, उंबऱ्याला बोट अडकतं का, गाऊन घोट्याखाली लोळतो का. काठीच्या टोकाचं रबर उलटं करून बघ. ते झिजून गुळगुळीत झालेलं असलं तर फरशीवर ती काठी धरून चालणं हाच धोका आहे. रात्रभर जळणारा छोटा दिवा, कमोडशेजारच्या भिंतीत पक्का ठोकलेला बार, मागे पट्टा असलेली चप्पल, आणि खालच्या मजल्यावर कुणाकडे तरी घराची दुसरी किल्ली. किल्लीचं तर याच आठवड्यात कर. पडलेल्या माणसाला उठता आलं नाही आणि दाराला आतून कडी असली, तर सकाळपर्यंतचे ते तास हाड मोडण्याइतकेच वाईट असतात.

हे सगळं झालं की मग आजींशी बोल. तुझ्या भाषेत, पण या क्रमाने: "आजी, तुमच्या मनाविरुद्ध मी दादांना स्वतःहून सांगणार नाही. पण खोटंही लिहिणार नाही. त्यांनी सरळ विचारलं तर 'आजींनाच विचारा' असं म्हणेन. आणि उद्या तुमचं तुम्हाला कळेनासं झालं किंवा जिवावर बेतलं, तर शपथ मोडेन, हे आत्ताच सांगून ठेवते." मग त्यांना विचार, तुम्हीच सांगता का? मी शेजारी बसते.

माझा अंदाज, त्या तयार होतील. वृद्धाश्रमाची भीती पडण्याची बातमी दिल्याने खरी होते असं त्यांना वाटतं. पण मुलगा असं टोकाचं पाऊल उचलतो ते रात्री दोनला शेजाऱ्याचा फोन आल्यावर, घाबरून. तोच जर आईच्या तोंडून ऐकेल की मी पडले होते, गोळीची वेळ बदलली, बार ठोकला, किल्ली खाली दिली आहे, तर त्याच्यासमोर ठरवायला वेगळं काहीतरी येतं. फोन आपल्या संध्याकाळी लावा, तिकडे सकाळ असते आणि माणूस दमलेला नसतो. बोलणं आजी करतील. विचारल्याशिवाय तू तोंड उघडू नकोस.

तरीही त्याने हट्ट धरला तर आजींना सांग की शुद्धीत असलेल्या माणसाला त्याच्या मनाविरुद्ध कुठे नेऊन ठेवण्याचा हक्क मुलालाही नाही. १४५६७ ही ज्येष्ठ नागरिकांची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, तो नंबर मोठ्या अक्षरांत फोनशेजारी लाव. इथवर वेळ येईल असं तुझ्या पत्रावरून मला वाटत नाही. दर भेटीचा रिपोर्ट वाचणारा मुलगा दुष्ट नसतो, लांब असतो.

आणि तो "सगळं ठीक"चा रिपोर्ट. आजींनी स्वतः सांगितल्यावर त्याच संध्याकाळी त्याला लिही, की मागच्या वेळी ठीक लिहिलं ते अपुरं होतं, आजींच्या सांगण्यावरून पडण्याचं लिहिलं नव्हतं, मॅडमना कळवलं आहे. आजी नाहीच म्हणाल्या, तर यापुढे मोजलेले आकडे आणि केलेलं काम तेवढंच लिही. "ठीक" हा शब्द वापरूच नकोस. नवीन घर घेताना मात्र पहिल्याच भेटीत, पेशंट आणि घरचे दोघंही समोर असताना विचारून टाक: काय कुणाला कळवायचं, काय पेशंटच्या परवानगीनेच, आणि मॅडमना सगळंच. मॅडमना हे कागदावर छापून द्यायला सांग, म्हणजे पुढच्या घरी हा भार तुझ्या एकटीवर पडणार नाही.

तुझी,
ताई