शाकाहारी आहे, वजन बेताचं, रोज चालतो. तरी एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, २४० कसं? तूप बंद करू का?

तुपाचं नंतर बघू. आधी घरात चौकशी करा, कुणाला पन्नाशीच्या आत अटॅक आला होता का.

आमच्या दादाला अडतिसाव्या वर्षी आला. अंगावर मांस नाही, व्यसन नाही. एलडीएल २८०. आयसीयूच्या बाहेरच आत्याने निकाल दिला, "हिच्या हातचं तेलकट खाऊन झालं हे." वहिनी शेजारीच उभी होती. पुढे वर्षभर तिने घरात पापडसुद्धा तळला नाही. गोळ्यांनी एलडीएल निम्म्यावर आलं, त्याचंही श्रेय आत्याने उकडलेल्या भाज्यांना दिलं!

डॉक्टरांनी मात्र दादाच्या टाचेमागची शीर चाचपली. तिथल्या गाठींना आम्ही चपलेचे घट्टे समजत होतो. ते साठलेलं कोलेस्टेरॉल निघालं. मग त्यांनी वडिलांचं विचारलं. वडील चव्वेचाळिसाव्या वर्षी झोपेतच गेले होते.

पेशीच्या पृष्ठभागावरचे रिसेप्टर रक्तातलं एलडीएल पकडून आत घेतात. आत पुरेसं झालं की पेशी स्वतः कोलेस्टेरॉल बनवणं थांबवते, रिसेप्टरही कमी करते. अमेरिकेत डॅलसच्या ब्राउन आणि गोल्डस्टीन या शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात अशा आनुवंशिक कोलेस्टेरॉलच्या रुग्णांच्या त्वचेच्या पेशी वाढवून पाहिल्या. बाहेर एलडीएल भरपूर, तरी त्या कोलेस्टेरॉल बनवतच होत्या, कारण आत काही पोचतच नव्हतं. १९८५ चं नोबेल त्यालाच मिळालं. एका पालकाकडून बिघडलेलं जनुक आलं तर साधारण निम्मेच रिसेप्टर कामाचे उरतात. अडीचशेत एकाला हे असतं. स्टॅटिनच्या गोळ्यांनी यकृतातलं कोलेस्टेरॉलचं उत्पादन घटतं, मग यकृताच्या पेशी जास्त रिसेप्टर काढून रक्तातलं एलडीएल ओढून घेतात. पथ्याने एवढा फरक पडत नाही.

त्याच स्वयंपाकघरातलं जेवणाऱ्या वहिनीचं एलडीएल ९८ आहे. नऊ वर्षांच्या पुतणीचं २१०. म्हणजे हे फोडणीतून आलेलं नाही, आत्याच्या माहेरून आलंय. वडील तिचेच भाऊ.

तुम्हालाही हेच असेल असं नाही. थायरॉइड मंदावलं तरी एलडीएल चढतं, ते आधी तपासा. गोळी डॉक्टरांना विचारूनच. घरात गोळी घेणारी कुणी गरोदर असेल किंवा तसा विचार असेल तर तेही त्यांना सांगा. तूप चमचाभर खा, वाट्या नकोत. आणि आईवडील, भावंडं, मुलं, सगळ्यांचं लिपिड प्रोफाइल, म्हणजे कोलेस्टेरॉलची रक्ततपासणी, करा. आत्या असेल तर तिचंही. आमची म्हणते, मला काय धाड भरलीय.