२५० बारचा रिलीफ व्हॉल्व्ह २२० ला गळतो आणि दाब २९० पर्यंत चढतो. स्प्रिंग जाड करावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: प्रेससाठी तुम्ही स्वतः पॉवर पॅक (मोटर, पंप आणि तेलाची टाकी यांचा संच) बांधला आहे, त्यात ९ पिस्टनचा, मिनिटाला ६० लिटर तेल देणारा पंप आणि १४४० फेऱ्यांची ४० अश्वशक्तीची मोटर आहे. रिलीफ व्हॉल्व्हही, म्हणजे दाब मर्यादेपुढे गेला की तेल टाकीत सोडणारी झडपही, तुम्ही लेथवर घरीच बनवली असून तिच्या सीटचे (बैठकीचे) भोक १० मिलिमीटरचे, ते भोक बंद करणाऱ्या पॉपेटचे शंकूसारखे टोक काटकोनी, सीटवर त्याच कोनाचा चेंफर (तिरपी कड) आणि स्प्रिंग मिलिमीटरला ४०० न्यूटन कडकपणाची आहे. हिशेब २५० बारचा केला, पण व्हॉल्व्ह २२० बारलाच गळू लागतो, २४० च्या पुढे घोंघावतो आणि पंपाचे सगळे तेल त्यातून जाऊ लागले की गेज २९० दाखवते व मोटरचा ओव्हरलोड रिले पडतो.

उत्तर आधीच सांगतो: स्प्रिंग जाड करू नका, कारण त्याने गळतीचे मूळ कारण जात नाही आणि दाबाचा चढ मात्र वाढतो. तुम्ही व्हॉल्व्हचे डिझाइन दाबासाठी केले आहे, आणि ते चुकलेले नाही. परंतु रिलीफ व्हॉल्व्हचे डिझाइन प्रवाहासाठी करावे लागते, आणि तो हिशेब तुमच्याकडून राहून गेला आहे.

तुमचा हिशेब मी पुन्हा मांडून पाहिला. १० मिलिमीटर भोकाचे क्षेत्रफळ ७८.५ चौरस मिलिमीटर आणि २५० बार म्हणजे चौरस मिलिमीटरला २५ न्यूटन, तेव्हा पॉपेटवर सुमारे १९६० न्यूटन, म्हणजे २०० किलोंचा जोर येतो. तुमची स्प्रिंग ४.९ मिलिमीटर दाबून बसवली की तो बरोबर तोलला जातो. पण हा तोल पॉपेट बंद असतानाचा आहे. पॉपेट उचलला जाऊन तेल वाहू लागले की जुन्या जोरांमध्ये नवे जोर मिसळतात आणि तुमचे चाळीस बार तिथे गेले आहेत.

प्रथम पॉपेट किती उचलला जातो ते पाहू. २५० बारवरून टाकीच्या दाबाला मोकळे होणारे तेल सेकंदाला सुमारे २४० मीटर वेगाने सुटते. मिनिटाला ६० लिटर म्हणजे सेकंदाला एक लिटर, प्रवाहगुणांक ०.६५ धरला तर त्यासाठी साधारण ६.४ चौरस मिलिमीटरची वाट पुरते. १० मिलिमीटर व्यासाच्या कडेभोवती, ४५ अंशांच्या उतारावर, एवढी वाट मिळायला पॉपेट जेमतेम ०.२९ मिलिमीटर उचलला जावा लागतो. तुमच्या ४०० न्यूटनच्या स्प्रिंगला तेवढी उचल ११५ न्यूटनच्या आसपास पडते आणि ७८.५ चौरस मिलिमीटरवर वाटली असता ती १५ बार होते. ही झाली पहिली भर.

दुसरी भर बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. इतक्या वेगाने तिरपा सुटणारा झोत स्वतःबरोबर संवेग घेऊन जातो आणि त्याची प्रतिक्रिया पॉपेटला पुन्हा सीटकडे ढकलते. तेलाची घनता, प्रवाह, वेग आणि ४५ अंशांचा कोसाइन यांचा गुणाकार करून आत येणाऱ्या तेलाचा थोडा संवेग वजा केला तर तुमच्या व्हॉल्व्हमध्ये हा जोर सुमारे १४० न्यूटन येतो, म्हणजेच १८ बार. तेलच व्हॉल्व्ह बंद करू पाहते, ही गोष्ट पहिल्यांदा ऐकताना मलाही पटली नव्हती. तिसरी भर रिटर्न लाइनची: स्प्रिंगची खोली आउटलेटशी जोडलेली असल्यामुळे रिटर्नमध्ये जेवढा दाब तुंबतो तेवढा सरळ सेटिंगमध्ये मिळवला जातो. अर्ध्या इंची होज, दोन-तीन एल्बो आणि रिटर्न फिल्टर यांतून ६० लिटर गेले की चार-पाच बार कुठेच गेले नाहीत. पंधरा, अठरा आणि पाच यांची बेरीज अडतीस. २५० मध्ये मिळवले की २८८. तुमच्या गेजवरचे २९० तिथून आले आहेत.

आता २२० बारच्या गळतीकडे येऊ. पॉपेट आणि सीट यांचा कोन एकच ठेवल्याने दोन्ही एका रेषेवर न टेकता एका पट्टीवर टेकतात. ती पट्टी भोकाच्या १० मिलिमीटरपासून ११ मिलिमीटर व्यासापर्यंत असेल, तर तेल पट्टीखाली थोडे झिरपताच दाब मोठ्या क्षेत्रावर काम करू लागतो. पट्टीभर दाब सावकाश उतरत जातो असे धरले तरी परिणामी व्यास १०.५ च्या आसपास होतो आणि तोच १९६० न्यूटनचा जोर २२७ बारलाच गाठला जातो. त्यात सीटची गोलाई किंचित बिघडलेली असली की २२० ला थेंब दिसणारच. म्हणून सीटची कड धारदार ठेवावी, पॉपेटशी कोनाचा एक-दोन अंशांचा फरक ठेवावा आणि हलक्या लॅपिंगनंतर (बारीक पेस्ट लावून घासल्यानंतर) टेकणारी पट्टी ०.१ ते ०.२ मिलिमीटरच्या वर जाऊ देऊ नये. पॉपेट एन ३१ पोलादाचा, कडक करून ग्राइंड केलेला असावा आणि सीटही कडक केलेली असावी. मऊ सीटवर २४० मीटर वेगाचे तेल काही दिवसांत नाली कोरते आणि मग कितीही लॅपिंग केले तरी गळती थांबत नाही.

घोंघावण्याचे कारण असे की, पॉपेट आणि स्प्रिंगचा एक तृतीयांश भाग मिळून हलणारे वस्तुमान पाव किलो धरले, तर ४०० न्यूटनच्या स्प्रिंगवर त्याची स्वाभाविक कंपने सेकंदाला २०० च्या आसपास येतात. तुमचा ९ पिस्टनचा पंप १४४० फेऱ्यांवर सेकंदाला २१६ ठोके देतो. तेलाची लवचीकता धरली की हे आकडे थोडे इकडेतिकडे सरकतात, पण दोन कंपनसंख्या इतक्या जवळ ठेवणे म्हणजे त्रास ओढवून घेणे आहे. झोके देणाऱ्याने झोपाळ्याच्या लयीतच हात लावावा, तसे तुमच्या व्हॉल्व्हचे झाले आहे.

दुरुस्ती म्हणून स्प्रिंग मऊ करा, पण जास्त दाबून बसवा. पूर्ण प्रवाहाला दहा टक्क्यांपेक्षा जास्त चढ नको असेल, तर १९६ न्यूटन हाताशी आहेत. त्यातले १४० झोत खातो, उरलेल्या ५६ मध्ये ०.२९ मिलिमीटर उचल बसवायची म्हणजे स्प्रिंगचा कडकपणा मिलिमीटरला १९० न्यूटनच्या आसपास हवा आणि ती १०.३ मिलिमीटर दाबलेली असावी. अशी स्प्रिंग साधारण सात-आठ मिलिमीटर तारेची आणि ३५ ते ४० मिलिमीटर मध्यव्यासाची होते, म्हणजे व्हॉल्व्हचे अंग तुमच्या सध्याच्या अंगापेक्षा मोठे करावे लागेल. कंपनसंख्याही १४० च्या जवळ उतरते आणि पंपाच्या ठोक्यांपासून दूर जाते.

इथे साहजिकच मनात येते की सीटच लहान करावी, म्हणजे स्प्रिंगही लहान होईल. ७ मिलिमीटरची सीट घेतली तर जोर ९६० न्यूटनवर येतो खरा. पण झोताचा जोर सीटच्या व्यासावर जवळजवळ अवलंबून नसून प्रवाह आणि दाब यांवर अवलंबून असल्यामुळे तो सव्वाशेच्या आसपास राहतो, आणि दहा टक्क्यांची सवलत मात्र ९६ वर येते. म्हणजे कडकपणा शून्य असलेली स्प्रिंग मिळाली तरी हिशेब जुळत नाही. यावरचा उपाय पॉपेटच्या मागे एक कॉलर ठेवणे हा आहे: झोत त्या कॉलरवर आपटून काटकोनात बाहेर वळला की त्याचा अक्षाच्या दिशेचा संवेग नाहीसा होतो आणि बंद करणारा जोरही जातो. कॉलरची कड उलट्या दिशेने जास्त वळवू नका. वाफेच्या सेफ्टी व्हॉल्व्हमध्ये पॉपेट फटकन उघडावा म्हणून तसे मुद्दाम करतात. पंपाच्या तेलावर तो प्रकार केला तर व्हॉल्व्ह उघडताच दाब कोसळतो, व्हॉल्व्ह बंद होतो, पुन्हा दाब चढतो आणि पाइपांना हातोडे बसू लागतात.

पॉपेटच्या शेपटीला एक लहान पिस्टन देऊन तो तेलाने भरलेल्या बंद खोलीत सरकेल आणि त्या खोलीतले तेल एका मिलिमीटरच्या आसपासच्या भोकातूनच ये-जा करेल अशी रचना केली, की थरथर बरीच मावळते. भोक फार बारीक केले तर व्हॉल्व्ह उशिरा उघडतो, आणि उशीर किती महागात पडतो याचाही हिशेब पाहा. तेलाचा आकारमान-स्थितिस्थापकता गुणांक सुमारे १५,००० बार धरला आणि पंपापासून बंद झालेल्या व्हॉल्व्हपर्यंत पोलादी पाइपात दोन लिटर तेल अडकलेले असले, तर सेकंदाला एक लिटर देणारा पंप दाब सेकंदाला ७,५०० बार या गतीने चढवतो. म्हणजे रिलीफच्या प्रत्येक मिलिसेकंदाच्या उशिराला साडेसात बार. म्हणून रिलीफ पंपाच्या तोंडाशीच असावा आणि मध्ये बॉल व्हॉल्व्ह, चेक व्हॉल्व्ह, फिल्टर यांपैकी काहीही असू नये. रिटर्नच्या वाटेवरही बॉल व्हॉल्व्ह नको. रिटर्नमध्ये वेग सेकंदाला तीन मीटरच्या आत ठेवायचा तर आतला व्यास किमान २१ मिलिमीटर लागतो, तेव्हा एक इंची होज घ्या, ती तेलाच्या पातळीखाली सोडा आणि पंपाच्या सक्शनपासून लांब न्या.

हे सगळे करूनही माझे प्रामाणिक मत असे आहे की ६० लिटर आणि २५० बारसाठी तुम्ही तयार मिळणारा पायलटचा व्हॉल्व्ह घ्यावा. त्यात दोन-तीन मिलिमीटर सीटवरचा छोटा शंकू, म्हणजे पायलट, दाब ओळखतो. ३ मिलिमीटरच्या सीटवर २५० बारला १७७ न्यूटनच जोर येतो, त्यामुळे सेटिंगची स्प्रिंग लहान राहते. मोठा पॉपेट मात्र हलक्या स्प्रिंगवर बसलेला असून त्याच्या दोन्ही बाजूंना सारखाच दाब असतो. पायलट उघडला की ओरिफिसमधून, म्हणजे एका बारीक भोकातून, तेल वाहू लागते, वरच्या बाजूचा दाब पडतो आणि मोठा पॉपेट उचलला जातो. चढ पुष्कळच कमी राहतो. घाण अडकून ओरिफिस बुजला तर हा व्हॉल्व्ह बहुधा कमी दाबालाच उघडा राहतो, म्हणजे प्रेस दाब धरत नाही पण काही फुटतही नाही. मात्र पायलटचा ड्रेन बुजला किंवा मोठा पॉपेट अडकला तर तो उघडतच नाही. शिवाय हा व्हॉल्व्ह थेट व्हॉल्व्हपेक्षा सावकाश उघडतो. या दोन कारणांसाठी, रोजच्या कामाला पायलटचा आणि त्याच्यापेक्षा पंधरा-वीस बार जास्त दाबावर सेट केलेला थेट व्हॉल्व्ह शेवटचा पहारेकरी म्हणून, अशी जोडी मी पसंत करतो. पंप, होज आणि मनिफोल्ड ब्लॉक यांची क्षमता अर्थातच त्या वरच्या सेटिंगलाही पुरून उरली पाहिजे.

पायलटच्या व्हॉल्व्हचा आणखी एक फायदा आहे. त्याच्या व्हेंट पोर्टला (मोठ्या पॉपेटच्या वरचा दाब सोडणाऱ्या तोंडाला) एक छोटा सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारा, व्हॉल्व्ह जोडला की प्रेस थांबलेला असताना पंप जवळजवळ बिनदाबाचा फिरतो. ६० लिटर आणि २५० बार म्हणजे २५ किलोवॉट. हे सगळे तेल रिलीफमधून सोडले तर तेवढी उष्णता तेलातच जाते, एका फेरीत तेल १५ अंशांनी तापते आणि २०० लिटरची टाकी मिनिटाला साडेचार अंशांनी चढते. रिलीफ व्हॉल्व्ह अडचणीपुरता आहे. दर चक्राला त्यातून तेल सोडणारा पॉवर पॅक कितीही मोठा कूलर लावला तरी मनासारखा चालत नाही.

जाड स्प्रिंगबद्दलची माझी भीती नुसत्या हिशेबातून आलेली नाही. भोसरीतल्या रबर मोल्डिंगच्या एका कारखान्यात प्रेस टनेज धरत नाही म्हणून ऑपरेटरने रिलीफचा स्क्रू शेवटपर्यंत आवळला होता. खरा दोष सिलिंडरच्या झिजलेल्या सीलचा होता. सील बदलल्यावर प्रेस पहिल्यांदा टेकला तेव्हा रिलीफची स्प्रिंग वेढ्याला वेढा लागून घट्ट बसलेली होती, ०.३ मिलिमीटर उचल मिळायलाही जागा उरली नव्हती, आणि गियर पंपाचे बिडाचे अंग उभे तडकले. गेजचा काटा खुंटीला लागून वाकला होता. सुदैवाने समोर कोणी नव्हते. म्हणून सेटिंग स्क्रूखाली एक नळी अशी बसवा की स्क्रू कितीही आवळला तरी स्प्रिंगमध्ये उचलीच्या किमान दुप्पट जागा शिल्लक राहील, आणि लॉकनटवर सील ठोका.

चाचणी करताना स्क्रू पूर्ण सैल करून पंप सुरू करा, पूर्ण प्रवाह रिलीफमधून सोडूनच सेटिंग वाढवत न्या आणि थेंब पडू लागल्याचा दाब व पूर्ण प्रवाहाचा दाब वेगवेगळे लिहून ठेवा. गळती शोधायला हात लावू नका. २५० बारची सुईएवढी धार कातडीतून तेल आत घुसवते, जखम टाचणी टोचल्याएवढीच दिसते, तरीही त्याच वेळी शल्यचिकित्सकाकडे जावे लागते.

सध्याचा व्हॉल्व्ह उघडलात तर सीटवर टेकलेल्या पट्टीची रुंदी खुणेचा निळा रंग लावून मोजा, आणि रिटर्नच्या तोंडाशी एक लहान गेज बसवून पूर्ण प्रवाहाला तिथे किती दाब दिसतो तो पाहा. हे दोन आकडे कळवलेत, तर ०.१ मिलिमीटरची पट्टी आणि एक इंची रिटर्न एवढ्यावर तुमचे किती बार परत मिळतील ते सांगू शकेन.