बिल्ड स्क्रिप्टमध्ये एक्स८६_६४ (६४ बिट इंटेल-एएमडी) च्या जोडीला एआर्क६४ (६४ बिट एआरएम) लिहिलं की प्रोजेक्ट एआरएमवर चालेल का?

नाही हो. तुम्ही लिहिलंय की प्रोजेक्ट जुना सी मधला आहे, स्क्रिप्ट यूनेम -एम (मशीनच्या प्रोसेसरचं नाव सांगणारी कमांड) बघून फ्लॅग (कंपायलरला द्यायचे ऑप्शन) ठरवते आणि आता एआरएमचा सर्व्हर मिळालाय. सेम हेच माझ्या गळ्यात पडलं होतं म्हणून लिहितोय.

आमच्या स्क्रिप्टमध्ये एकच इफ. एक्स८६_६४ आलं तर -एम६४ (६४ बिटचं बनव), नाहीतर -एम३२ (३२ बिटचं). म्हणजे लिहिणाऱ्याच्या लेखी जगात प्रोसेसर दोनच, इंटेल आणि जुना इंटेल. एआरएमवर गाडी सरळ एल्समध्ये गेली आणि असला ऑप्शनच माहीत नाही म्हणून जीसीसी या कंपायलरने हात वर केले. मी एआर्क६४ चा एलिफ (आणखी एक अट) टाकला, बिल्ड झालं. मग आमच्या सीनियरनी तेच त्यांच्या नव्या मॅकवर चालवलं तर परत एल्स, कारण तिथे यूनेम एआरएम६४ सांगतो. मी म्हटलं सर, नावं बघणंच सोडू, ६४ बिट मशीनवर कंपायलर आपोआप ६४ बिटचंच बनवतो, फ्लॅग उडवा. तर म्हणे चालत्या गोष्टीला हात लावू नकोस, अजून एक एलिफ टाक. टाकला.

मग सर्व्हरवर टेस्ट अडकली. एरर नाही, क्रॅश नाही, फाइल वाचायला घेतली की एक कोअर १०० टक्के आणि लॉग तिथल्या तिथे. सरांच्या मॅकवर सगळं पास, त्यामुळे "तुझा कंपायलर खराब आहे". दोन दिवस मी व्हर्जनं बदलत बसलो. शेवटी जीडीबी हा डीबगर लावून लूप थांबवला तर व्हेरिएबलमध्ये २५५. गेटसी (फाइलमधलं एकेक अक्षर वाचणारं फंक्शन) चं उत्तर कुणीतरी चार (char, सी मधला एका बाइटचा प्रकार) मध्ये ठेवून ईओएफशी, म्हणजे फाइल संपली हे सांगणाऱ्या -१ शी, ताडत होतं. लिनक्सवर एआरएमला साधा चार अनसाइन्ड असतो, म्हणजे त्यात ऋण आकडे मावत नाहीत, -१ चा २५५ होतो, मग तो लूप कशाला संपतोय? ॲपलने मात्र चार साइन्ड ठेवलाय, म्हणून तिकडे आनंदीआनंद. आणि -डब्ल्यूएक्स्ट्रा (जास्तीच्या वॉर्निंग) लावलं की कंपायलर हे स्वतःहून सांगतो बरं का, पण स्क्रिप्टमध्येच -डब्ल्यू (छोटा w, सगळ्या वॉर्निंग बंद) टाकून त्याचं तोंड बंद केलेलं!

मी म्हटलं चारचं इंट (मोठा पूर्णांक प्रकार, त्यात -१ तसाच राहतो) करू. सर म्हणाले -एफसाइन्ड-चार (चार साइन्डच मान असं सांगणारा फ्लॅग) टाक आणि रिलीज कर. यावरून आमचं जे वाजलं ते वाजलंच. माझं आजही तेच म्हणणं आहे, कोडमधली घाण बिल्ड स्क्रिप्टने झाकू नये, उद्या रिस्क-फाइव्ह या तिसऱ्याच प्रोसेसरची मशीन आली की तिथेही चार अनसाइन्डच आहे, आणि तोपर्यंत तो फ्लॅग का आहे हे सांगणारा माणूस नोकरी सोडून गेलेला असतो.

तुमच्या स्क्रिप्टचं म्हणाल तर -एम६४ आणि -एमएसएसई२ सारखे ठराविक प्रोसेसरवरच चालणारे फ्लॅग सरसकट ठेवू नका, कंपायलरला चालतो का ते छोटी फाइल कंपाइल करून विचारा आणि मगच लावा. कॉन्फिगर (बिल्डआधी मशीन तपासणारी स्क्रिप्ट) असेल तर तिच्यासोबतच्या, मशीनचं नाव ओळखणाऱ्या कॉन्फिग डॉट गेस आणि कॉन्फिग डॉट सब या दोन्ही फाइलींच्या वरचा टाइमस्टॅम्प बघा, २००९ वगैरे असेल तर त्यांना एआर्क६४ हे नावच माहीत नाही, दोन्ही नव्या आणून टाका.

हां, एक मात्र खरं, त्या दिवशी रिलीज गेलं ते सरांच्या फ्लॅगमुळेच. शेकडो फाइली असतील आणि तारीख डोक्यावर असेल तर तुम्हीही आधी तेच करा. इंटचा माझा पॅच अजून रिव्ह्यूमध्ये पडलाय.