आधी गाळ बसवा, मग फिल्टर लावा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. साधारण १,००० चौरस मीटरचं फरसबंद आवार आहे, तिथे गाड्या उभ्या राहतात. पावसाचं पाणी जाळीतून भूमिगत पाइपात आणि तिथून शोषखड्ड्यात जातं. खड्डा आता तुंबलाय. विक्रेता म्हणतो, खड्ड्याच्या आधी कार्ट्रिज फिल्टरचं (गाळणारा माल भरलेल्या, बदलता येणाऱ्या डब्यांचं) एक चेंबर बसवा, बाकी काही करायला नको. तेवढं पुरेल का, फिल्टरमध्ये कोणतं माध्यम, म्हणजे गाळणारा माल, घ्यावं आणि जुना खड्डा वाचेल का, हे तुम्हाला हवंय.

नुसतं कार्ट्रिज पुरणार नाही. फिल्टर चांगला असेलही, पण जो गाळ आज खड्डा तुंबवतोय तोच उद्या कार्ट्रिज तुंबवेल आणि तुम्ही खड्डा खणण्याऐवजी कार्ट्रिज बदलत बसाल. फिल्टरपर्यंत फक्त बारीक, न बसणारा अंश पोहोचला पाहिजे. जे आपोआप खाली बसतं ते फिल्टरच्या आधीच बसवून घ्यायचं.

विक्रेत्याला होकार देण्याआधी एक साधी गोष्ट करा. बऱ्याच कोरड्या दिवसांनंतर जोराची सर आली की पहिल्या काही मिनिटांतलं पाणी जाळीपाशी एका उंच काचेच्या बरणीत भरा आणि न हलवता ठेवा. अर्ध्या मिनिटात तळाशी वाळूचा थर दिसेल. तासाभरात पाणी खालून थोडं उजळेल, पण वरचा करडा-मातकट रंग जाणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीसुद्धा तो बराचसा तसाच असेल. वर तेलाची इंद्रधनुषी साय, सिगारेटची थोटकं, पानांचे तुकडे. तळाची वाळू, तरंगणारा कचरा आणि न बसणारा गढूळपणा या तिघांना तीन वेगळे उपाय लागतात. त्या बरणीत कशाचं प्रमाण किती आहे, यावर तुमचा निम्मा आराखडा ठरतो.

यामागचं गणित स्टोक्सच्या नियमाचं आहे. कण खाली बसण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. २० अंश तापमानाच्या स्थिर पाण्यात १०० मायक्रॉनचा (०.१ मिलिमीटरचा) वाळूचा कण सेकंदाला सुमारे ९ मिलिमीटर खाली येतो. १० मायक्रॉनचा कण त्याच्या शंभरपट हळू, म्हणजे ०.०९ मिलिमीटर. एक मीटर खोल पाण्यातून पहिला दोन मिनिटांत तळाला लागतो, दुसऱ्याला तीन तास लागतात. आणि घातक माल मुख्यतः बारीक कणांना चिकटलेला असतो: टायरच्या झिजेतून आणि गॅल्व्हनाइज्ड पत्र्यांवरून येणारं जस्त, ब्रेक पॅडमधलं तांबं, तेलाचे अंश, फॉस्फरस. त्यामुळे ट्रकभर वाळू पकडली तरी पाणी स्वच्छ झालं असं होत नाही. पण वाळू पकडली नाही तर पुढचं काहीच चालत नाही.

आता हे तुमच्या आवाराला लावून बघू. ताशी २० मिलिमीटर पाऊस पडतोय आणि त्यातला ९० टक्के वाहून जातोय असं धरलं तर सेकंदाला ५ लिटर पाणी येतं. गाळ बसायचं चेंबर आतून ३ मीटर लांब आणि दीड मीटर रुंद, म्हणजे ४.५ चौरस मीटर घ्या. ५ लिटरला या क्षेत्रफळाने भागलं की सेकंदाला १.१ मिलिमीटर येतात. यापेक्षा वेगाने बसणारा कण पकडला जातो, हळू बसणारा निसटतो. हिशेबाने ही सीमा ३५ मायक्रॉनच्या आसपास पडते. पाऊस ताशी १०० मिलिमीटर झाला की प्रवाह २५ लिटर होतो आणि सीमा ८० मायक्रॉनवर सरकते. प्रत्यक्षात आत खळबळ असते, म्हणून निकाल याहून थोडा वाईटच धरा. आणि १० मायक्रॉनचा कण त्याच ५ लिटरच्या प्रवाहात पकडायचा म्हटलं तर ५५ चौरस मीटरचं चेंबर लागेल. तेवढं कोणी बांधत नाही, म्हणूनच पुढे फिल्टर येतो.

या हिशेबात खोली कुठेच आली नाही, हे लक्षात घ्या. चेंबर दुप्पट खोल केलं म्हणून जास्त कण बसत नाहीत. ते क्षेत्रफळावर ठरतं. खोली लागते ती दुसऱ्या कामासाठी: बसलेला गाळ साठवायला आणि पुढच्या जोरदार सरीत तो पुन्हा उसळू नये म्हणून. ‘खोल आहे, भरपूर बसेल’ असं सांगून अरुंद, विहिरीसारखी चेंबरं गळ्यात मारली जातात, तिथे सावध राहा.

बाहेर जाणाऱ्या पाइपचा तळ आणि चेंबरचा तळ यांत पाइपच्या व्यासाच्या निदान चौपट अंतर ठेवा. २०० मिलिमीटरचा पाइप असेल तर ८० सेंटिमीटर. यातला निम्म्याहून जास्त भाग गाळाने भरला की नवा गाळ थांबत नाही, उलट जुनाही उचलला जातो. बाहेरच्या पाइपला आतल्या बाजूने खाली तोंड केलेला एल्बो (काटकोनात वळलेला पाइपचा तुकडा) बसवा. त्याचं तोंड पाण्याच्या पातळीखाली राहतं, त्यामुळे वर तरंगणारं तेल, बाटल्या, पानं मागेच अडकतात. एवढासा तुकडा, पण संपूर्ण योजनेत इतक्या कमी खर्चात इतकं काम करणारं दुसरं काही नाही. मात्र तो काढता येईल असा बसवा आणि त्याच्या वरच्या टोकाला हवेला वाट ठेवा, नाहीतर पाइप भरून वाहू लागला की सायफन होऊन चेंबर खेचून रिकामं होतं आणि तरंगणारं सगळं पुढे जातं. आत येणारा पाइप आणि बाहेर जाणारा पाइप समोरासमोर असतील तर मध्ये आडवी भिंत घाला. एरवी पाणी सरळ रेषेत धावतं आणि चेंबरचे कोपरे नुसते नावाला राहतात.

पाणी गोल फिरवून गाळ वेगळा करणारी भोवरा पद्धतीची तयार चेंबरं मिळतात. जागा फारच कमी असेल तर ती चांगली. पण त्यांच्या कार्यक्षमतेचा जो टक्का छापलेला असतो, तो कोणत्या आकाराच्या कणांवर आणि किती प्रवाहावर मोजला हे विचारल्याशिवाय त्याला काही अर्थ नाही. जाड वाळूवर काढलेला ८० टक्के आणि बारीक मातीवर काढलेला ८० टक्के यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

यापुढची गोष्ट विक्रेत्याने तुम्हाला सांगितली नसेल, पण माझ्या मते हीच सर्वांत महत्त्वाची: मोठ्या पावसाला वेगळी वाट हवी. सगळं पाणी फिल्टरमधून नेण्याचा हट्ट धरलात तर वर्षातल्या एखाद्या ढगफुटीसाठी फिल्टर अवाढव्य करावा लागतो, किंवा छोटा ठेवला तर त्याच दिवशी वर्षभराचा गाळ धुऊन खड्ड्यात जातो. म्हणून गाळाच्या चेंबरच्याही आधी एक छोटं वाटणीचं चेंबर घ्या. त्यात ठरावीक उंचीची भिंत. नेहमीचा पाऊस आणि मोठ्या पावसाचा पहिला भाग भिंतीच्या अलीकडून शुद्धीकरणाकडे जातो. पातळी वाढली की जादा पाणी भिंतीवरून सरळ पुढे. फरसबंदीवरची साचलेली घाण बहुतेक पहिल्या पाण्यातच निघून येते, तुमच्यासारख्या लहान आवारात तर हे फार ठळकपणे दिसतं. पहिले १० मिलिमीटर धरले तर तुमच्याकडे ते ९ घनमीटर होतात. या ९ घनमीटरची नीट सोय लागली की बाकीचं पाणी पुष्कळ निर्धास्तपणे सोडता येतं.

आता फिल्टर. मध्यम आकाराच्या एका कार्ट्रिजमधून सेकंदाला साधारण अर्धा ते एक लिटर पाणी जातं, म्हणजे ५ लिटरला पाच ते दहा लागतील. तुमच्या दरपत्रकात दोनच असतील तर कारण विचारा. दुसरं, कार्ट्रिजला पाणी ढकलायला उंचीचा फरक लागतो, साधारण अर्धा ते पाऊण मीटर. सपाट आवारात पाइपच्या पातळ्या एवढा फरक देतात का, हे लेव्हल लावून आधी मोजा. हा फरक मिळत नसेल तर पाणी मागे तुंबून जाळ्यांतून वर येतं, आणि चेंबर एकदा पुरलं की त्यावर उपाय नाही.

माध्यम काय घ्यायचं ते कशासाठी हवंय त्यावर अवलंबून आहे. पर्लाइट (फुगवलेल्या ज्वालामुखी काचेचे हलके दाणे) मुख्यतः बारीक गाळ अडवतं. झिओलाइट (एक सच्छिद्र खनिज) विरघळलेले धातू आणि अमोनियम आयन-विनिमयाने, म्हणजे बदल्यात स्वतःतले आयन सोडून, धरतं. दाणेदार सक्रिय कोळसा तेलाचे आणि इतर सेंद्रिय रसायनांचे अंश शोषतो. तुमचं पाणी शेवटी जमिनीत मुरणार असल्यामुळे मी तिघांचं मिश्रण घेईन. टायरच्या चुऱ्यातून काय काय जातं याची कल्पना आपल्याला आत्ता कुठे येतेय. रबर टिकावं म्हणून घातलेल्या ६पीपीडी या रसायनाचं ओझोनमुळे ६पीपीडी-क्विनोन बनतं आणि रस्त्यांवरच्या पाण्यातून ओढ्यात गेलेल्या या पदार्थाने कोहो सामन मासे मरतात, हे २०२० मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं. अशा गोष्टी वाळूच्या चेंबरात बसत नाहीत.

जागा असेल तर कार्ट्रिजऐवजी भूमिगत वाळूचा फिल्टर मला जास्त आवडतो. सुमारे ४५ सेंटिमीटर स्वच्छ वाळू, खाली खडी, खडीत छिद्रांचा पाइप. वाळू कुठेही मिळते, कोण्या एका कंपनीवर अवलंबून राहावं लागत नाही. फक्त नव्या वाळूचा वेग धरून आकार ठरवू नका. अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात असे फिल्टर पुष्कळ आहेत, तिथल्या आराखड्यात वाळूची झिरपण्याची क्षमता दिवसाला जेमतेम १ मीटर धरतात, कारण वर गाळाचा थर धरल्यावर उरते तेवढीच. त्या हिशेबाने ९ घनमीटर पाणी एका दिवसात उतरवायला ढोबळमानाने ९ चौरस मीटर वाळू हवी, वर पाणी उभं राहणार असेल तर थोडी कमी चालेल. पाणी पुढे तळ्यात जाणार असेल आणि शेवाळाची काळजी असेल तर वाळूत वजनाच्या ५ ते ८ टक्के लोखंडाचा कीस मिसळतात, तो विरघळलेला फॉस्फेट धरतो. त्यासाठी दोन पावसांच्या मध्ये वाळू पूर्ण निथळायला हवी. तुमच्याकडे याची गरज नाही.

तेलासाठी वेगळा विभाजक (पाण्यातून तेल वेगळं करणारी टाकी) हवाच असं नाही. उभ्या गाड्यांखाली थेंबथेंब पडणारं बरंचसं तेल गाळालाच चिकटून येतं, ते गाळाबरोबर जातं, वरचा तवंग एल्बो अडवतो. इंधन भरण्याची किंवा दुरुस्तीची जागा असेल तर मात्र विभाजक घालायलाच हवा. युरोपीय मानक ईएन ८५८ प्रमाणे पहिल्या वर्गाच्या विभाजकातून चाचणीत लिटरमागे ५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त तेल जाता कामा नये, दुसऱ्या वर्गाला १०० पर्यंत मुभा आहे. पण आवारात साबण लावून गाड्या धूत असतील तर कोणताही विभाजक हरतो. साबणाने तेलाचे इतके बारीक थेंब होतात की ते वर येतच नाहीत. धुण्याचं पाणी पावसाळी पाइपात सोडणं आधी बंद करा.

देखभालीचं सांगायचं तर प्रत्येक कप्प्यावर माणूस वाकून आत पाहू शकेल एवढं झाकण हवं, आणि गाळ उपसणारी टँकरगाडी त्या झाकणाजवळ उभी राहू शकली पाहिजे. झाकणांवर गाड्या उभ्या करण्याच्या जागा आखल्या की ती वर्षानुवर्षं उघडली जात नाहीत. पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी झाकण उघडून खुणा केलेली काठी अलगद खाली सोडा. गाळाला टेकली की हाताला मऊ अडथळा जाणवतो, तिथला आकडा वाचा. मग दाबून खरा तळ शोधा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे गाळाची जाडी. वर्षभरात तुमच्या आवाराची चाल कळते, पुढे तेवढ्यावर वेळापत्रक ठरवा.

आणि कोणालाही आत उतरू देऊ नका, गाळ काढायला नाही आणि पडलेली चावी काढायलाही नाही. कुजणाऱ्या पानांमुळे खालचा प्राणवायू संपतो आणि हायड्रोजन सल्फाइड साचतो. थोडा असताना त्याचा सडक्या अंड्यासारखा वास येतो, जास्त झाला की नाकच बधिर होतं आणि वास गेला असं वाटतं. एकजण कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, आणि दोघेही जातात. उतरणं अटळच असेल तर ते वायुमापक, हवेचा पंखा, दोर आणि वर उभी माणसं असलेल्या प्रशिक्षित पथकाचं काम आहे. प्राणवायू १९.५ टक्क्यांखाली दिसला तर त्यांनीही उतरायचं नसतं.

राहिला जुना खड्डा. तो वाचेल की नाही हे पाहायला कोरड्या दिवशी तो पाण्याने भरा आणि पातळी किती वेळात किती उतरते ते मोजा. ७२ तासांत रिकामा झाला नाही तर तो गेलाय असं समजा, शिवाय तेवढं साचलेलं पाणी डासांना आमंत्रण आहे. मग आतली खडी काढून धुवा किंवा बदला, तळाची आणि बाजूंची १०-१५ सेंटिमीटर माती खरवडून काढा आणि पुन्हा मोजा. बहुतेकदा तुंबलेला थर एवढाच असतो, त्याखालची माती चांगली निघते. खडी परत भरताना फिल्टर कापड फक्त बाजूंना लावा. तळाला अंथरलं की सगळा बारीक गाळ त्याच्यावर थर धरतो आणि तोच खड्डा परत तुंबतो. खड्ड्याचा तळ आणि भूजलाची सर्वांत वरची पातळी यांत निदान एक मीटर माती राहतेय ना, तेही बघा. राहत नसेल तर या जागी गाड्यांच्या आवाराचं पाणी मुरवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे शुद्ध केलेलं पाणी पावसाळी गटारातच सोडा. खड्डा उतरायला लागलेला वेळ आणि आत-बाहेरच्या पाइपांच्या पातळ्या कळवा, म्हणजे कार्ट्रिज की वाळू ते तुमच्या जागेपुरतं नक्की सांगता येईल.