पडद्यामागचं विचारा : बावला खून, मुका हीरो आणि ललिताबाईंचा डोळा

नमस्कार मंडळी. मागच्या अंकात मी सहज लिहून गेलो की जुन्या सिनेमातल्या विसरलेल्या भानगडी आणि दुःखं यांबद्दल काही विचारायचं असेल तर विचारा, तर पत्रं आली, व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आले आणि एक आजोबा तर रविवारी पोहे खातानाच दारात हजर. सगळ्यांना जागा नाही, चार प्रश्न घेतोय.

प्रश्न : बावला खून प्रकरणावर त्याच वेळी सिनेमा निघाला होता म्हणतात, खरं का? आमच्या घरात हा विषय निघाला की मोठी माणसं गप्प व्हायची. (एक वाचक, रामबाग)

खरंय. आणि गप्प व्हायची हेही खरंय. माझी आजी सुपारी कातरता कातरता अख्ख्या इंदूरच्या भानगडी सांगायची, कुणाची सून पळाली, कुणाचा वाडा गहाण पडला, पण हा विषय काढला की अडकित्ता थांबायचा. "महाराजांबद्दल असं बोलू नये." बस्स. महाराज कायम महाराज, आणि मुमताज म्हणजे "ती". नाव म्हणून कधी घेतलं नाही तिने.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मुमताज बेगम ही नाचगाणं करणारी बाई, इंदूरचे महाराज तिसऱ्या तुकोजीराव होळकरांच्या पदरी बरीच वर्षं होती, मग तिथून निसटली आणि मुंबईत अब्दुल कादर बावला नावाच्या पैसेवाल्या व्यापाऱ्याकडे राहायला लागली. 12 जानेवारी 1925 ला संध्याकाळी दोघं मलबार हिलवर मोटारीतून फिरायला निघालेले, तेवढ्यात दुसरी गाडी येऊन धडकली, त्यातून माणसं उतरली, बावलाला गोळ्या घातल्या आणि हिला ओढून न्यायला लागले, चेहऱ्यावर वार केले. नशीब असं की गोल्फ खेळून परत जाणारे इंग्रज लष्करी अधिकारी नेमके त्याच रस्त्याने आले आणि एकाने हातातली गोल्फची काठीच चालवली. ती वाचली, बावला गेला. पकडलेली माणसं इंदूरची निघाली म्हटल्यावर काय बोंबाबोंब झाली असेल! महाराजांवर खटला चालला नाही, पण इंग्रजांनी त्यांच्यासमोर चौकशी किंवा गादी सोडणं असे दोनच रस्ते ठेवले आणि फेब्रुवारी 1926 मध्ये त्यांनी मुलासाठी, म्हणजे यशवंतरावांसाठी, गादी सोडली.

आता सिनेमा. कोहिनूर कंपनीने याच प्रकरणावर 'कुलीन कांता' नावाचा मूकपट काढला, दिग्दर्शक होमी मास्टर, साल 1925. म्हणजे वर्ष पालटायच्या आत! आज न्यूज चॅनलवाल्यांना नावं ठेवतो आपण, पण हा धंदा तेव्हाही असाच होता. नाव बघा पण, 'कुलीन'. जिला आमच्या घरात नावानेसुद्धा बोलवत नव्हते तिला मुंबईच्या सिनेमावाल्यांनी कुलीन केलं. बघायला कुठे मिळेल हे मात्र विचारू नका, तेव्हाची फिल्म नायट्रेटची, भसकन पेटणारी, नाही पेटली तर डब्यात चिकट होऊन सडणारी, मूकपटांपैकी अगदी थोडे शिल्लक आहेत.

प्रश्न : बावला खटल्यातले बॅरिस्टर जिना आणि 'आलम आरा'च्या हीरोचे वकील जिना एकच का? (एक निवृत्त शिक्षक, सुदामा नगर)

सर, एकच. बावला खटल्यात ते इंदूरच्या सरदार आनंदराव फणसे यांच्या बाजूने उभे होते. पुढे मास्टर विठ्ठल. हा आपला मराठी माणूस, मूकपटातला तलवारबाज हीरो, शारदा कंपनीच्या करारात असताना अर्देशीर इराणींनी त्याला पहिल्या बोलपटासाठी आपल्या इंपीरियल कंपनीत घेतलं, शारदावाले कोर्टात गेले, जिनांनी विठ्ठलची बाजू मांडली आणि केस जिंकली. 14 मार्च 1931 ला गिरगावच्या मॅजेस्टिकला 'आलम आरा' लागला आणि गंमत काय, तर एवढं भांडून मिळवलेल्या हीरोची हिंदुस्तानी बोली काही जमेना, म्हणून पडद्यावर बराच वेळ त्याला गुंगीतच दाखवलाय. देशातल्या पहिल्या बोलपटाचा हीरो आणि बोलायचं नाही. नंतर नंतर छोटी छोटी कामं करत राहिला. मला या माणसाचं फार वाईट वाटतं, तलवार चालवणाऱ्याला एकदम जीभ चालवायला सांगितली हो.

प्रश्न : ललिता पवारांचा डोळा भगवानदादांनी मुद्दाम फोडला असा मेसेज फिरतोय. (एक काकू, नारायण बाग)

काकू, मुद्दाम नाही. फॉरवर्ड करू नका प्लीज.

1942 ची गोष्ट. 'जंग-ए-आझादी'चं शूटिंग, सीनमध्ये भगवानने थोबाडीत मारायची होती, ती खरोखरच जोरात बसली. चेहऱ्याच्या एका बाजूला लकवा, डाव्या डोळ्याची नस गेली, तीन वर्षं उपचार. येवल्याची ही मुलगी मूकपटांपासून कामं करत होती, हिरॉईन होती हो, स्वतः सिनेमा काढलेली होती, आणि बरी होऊन आली तर डोळा बारीक झालेला, हिरॉईनची कामं बंद. मग खाष्ट सासू. आपण सगळे त्या डोळ्याला घाबरलो, 'रामायण'मधली मंथरा बघताना आमची मुलं उशीत तोंड लपवायची, पण तो अभिनय नव्हता काकू, ती दुखापत होती. अर्थात नुसत्या डोळ्यावर भागलं नाही, 'अनाडी'मधली मिसेस डिसा आठवा, वरून फटकळ आणि आतून लोणी, त्याला फिल्मफेअर मिळालं. 1998 मध्ये पुण्यात घरी एकट्या असताना गेल्या आणि लगेच कुणाला कळलंही नाही.

आणि भगवानदादा? 1951 चा 'अलबेला' तुफान चालला, बंगला, गाड्या, स्वतःचा स्टुडिओ, मग पुढचे सिनेमे पडत गेले आणि सगळं विकून पुन्हा दादरच्या चाळीतली खोली. तिथेच 2002 मध्ये गेले. एका थपडेतले दोघंही.

प्रश्न : आपल्या इंदूरच्या जॉनी वॉकरची काही भानगड? (एक कॉलेजवाला, छावणी)

अरे भिया, शोधून दमलो. इंदूरच्या गिरणी कामगाराचा मुलगा, मुंबईत बसचा कंडक्टर, गुरुदत्तने व्हिस्कीचं नाव चिकटवलं, आणि हा दारूला शिवायचा नाही. पुढचा प्रश्न.

पुढचा प्रश्न नाहीये, जागा संपली. पण दारात आलेले ते आजोबा म्हणत होते की त्यांच्या माळ्यावर ट्रंकेत 1925-26 च्या पेपरची कात्रणं पडून आहेत. अजून कुणाकडे असतील तर कळवा, मी घरी येऊन फोटो काढीन, कागदाला हात लावणार नाही, चहा मात्र घेईन. त्यांत मुमताजचं नाव कसं छापलंय, छापलंय की नाही, तेवढं मला बघायचंय.